कॉक्लियाच्या आतला रस्ता: इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेआधी संगणक काय मोजतो?

ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत सर्जनला सूक्ष्मदर्शकाखाली कानामागचे हाड दिसते, मधल्या कानातल्या नाजूक हाडांची साखळी दिसते आणि सर्वांत शेवटी आतल्या कानाचे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे दार दिसते. त्या दारातून इलेक्ट्रोडची बारीक तार आत सरकली की पुढचे काहीही दिसत नाही. आतला मार्ग वळत जातो, अरुंद होत जातो, आणि तार पुढे ढकलताना बोटांना जाणवणारा किंचित अडथळा एवढाच आधार उरतो. म्हणूनच हा मार्ग किती लांबीचा आहे, कुठे वळतो आणि त्यात कोणत्या लांबीची तार नीट बसेल, हे हाडाला ड्रिल लावण्याच्या आधीच कळलेले असावे लागते. या कामासाठी गेल्या काही वर्षांत खास सॉफ्टवेअर वापरात आले आहे. ते नेमके काय करते आणि कुठे थांबते, हे इम्प्लांटच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक कुटुंबाला माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

कॉक्लिया हा आतल्या कानाचा भाग साधारण वाटाण्याएवढा असतो आणि गोगलगाईच्या शंखासारखे त्याला सुमारे अडीच वेढे असतात. या वेढ्यांच्या आत एका लांब पट्टीवर केशपेशी ओळीने मांडलेल्या असतात. बाहेरून आलेल्या ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करून ते श्रवणनसेकडे पोहोचवणे हे त्यांचे काम. जन्मतःच किंवा नंतर या पेशी निकामी झाल्या, तर आवाज कितीही मोठा करून दिला तरी तो नसेपर्यंत पोहोचत नाही आणि श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या निकामी पेशींना बाजूला ठेवून नसेच्या तंतूंना थेट विजेचे सूक्ष्म स्पंद देते. आत बसवलेल्या तारेवर काही संपर्कबिंदू असतात. ऑस्ट्रेलियाच्या कॉक्लिअर कंपनीच्या यंत्रांत ते २२, ॲडव्हान्स्ड बायॉनिक्सच्या यंत्रांत १६ आणि ऑस्ट्रियाच्या मेड-एलच्या यंत्रांत १२ वाहिन्या, म्हणजे संकेत पोहोचवण्याच्या स्वतंत्र वाटा, असतात. यांतला प्रत्येक बिंदू कॉक्लियाच्या कोणत्या जागी जाऊन थांबतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

याचे कारण असे की कॉक्लियामध्ये प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. दाराजवळच्या पहिल्या वेढ्यात उंच पट्टीचे तीक्ष्ण आवाज ओळखले जातात आणि आत शेंड्याकडे जावे तसे खर्जाचे आवाज येतात. पेटीच्या पट्ट्या एका ओळीत असतात, तशीच ही मांडणी. फक्त ती सरळ नसून गुंडाळलेली आहे. डोनाल्ड ग्रीनवुड यांनी १९९० मध्ये या जागेचा आणि वारंवारितेचा संबंध एका सूत्रात मांडला. त्या सूत्राप्रमाणे मानवी कॉक्लियाच्या शेंड्याशी सुमारे २० हर्ट्झ, दाराशी सुमारे २०,००० हर्ट्झ आणि बरोबर मध्यावर साधारण १,७०० हर्ट्झ येतात. यात लक्षात घेण्याची गोष्ट ही की हे सूत्र मिलिमीटरमध्ये बोलत नाही, ते एकूण लांबीच्या प्रमाणात बोलते. आणि एकूण लांबी तर माणसामाणसांत वेगळी असते. केशपेशींच्या पट्टीची लांबी काहींमध्ये २५-२६ मिलिमीटरच्या आसपास, तर काहींमध्ये ३५ मिलिमीटरपर्यंत आढळलेली आहे.

हा फरक किती महागात पडू शकतो, ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एकाची कॉक्लिया ३५ मिलिमीटर लांब आहे आणि दुसऱ्याची २८. दोघांमध्ये तारेचे टोक दारापासून बरोबर २४ मिलिमीटर आत जाऊन थांबले. पहिल्याच्या कानात शेंड्यापर्यंत अजून ११ मिलिमीटर बाकी आहेत, म्हणजे ग्रीनवुड यांच्या सूत्राने ते टोक सुमारे ६१० हर्ट्झच्या जागी आहे. दुसऱ्याच्या कानात फक्त ४ मिलिमीटर उरले आहेत, आणि तेच टोक सुमारे १८५ हर्ट्झच्या जागी पोहोचले आहे. तार तीच, खोली तीच, पण दुसऱ्याला पुरुषी आवाजाच्या मूळ स्वराजवळची जागा मिळाली आणि पहिल्याच्या बाबतीत ६१० हर्ट्झच्या खालचा सगळा प्रदेश तारेविना राहिला. प्रत्यक्षात तार पट्टीच्या नेमक्या रेषेत न जाता बहुधा बाहेरच्या भिंतीला लागून जाते, त्यामुळे आकडे थोडे बदलतात. परंतु दोन कानांमधला फरक काही नाहीसा होत नाही.

हा प्रश्न सुरुवातीपासूनच होता असे मात्र नाही. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी १९६१ मध्ये जी पहिली रोपणे केली आणि पुढे त्यांचे जे यंत्र प्रचारात आले, त्यात एकच वाहिनी होती; ती कुठे बसली याने स्वर ओळखण्यात मोठा फरक पडण्याचे कारणच नव्हते. १९७७ मध्ये व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमाइर यांचे, आणि १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांचे, अनेक वाहिन्यांचे इम्प्लांट रुग्णांना बसवले गेले. वेगवेगळ्या जागांना वेगवेगळे स्वर देणे शक्य झाले आणि त्याबरोबरच जागा चुकणेही शक्य झाले.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. शस्त्रक्रियेआधी कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन काढतात. हा स्कॅन म्हणजे छायाचित्र नसून आकड्यांचा ढीग असतो: प्रत्येक सूक्ष्म घनासाठी क्ष-किरण किती अडवले गेले, त्याचा एक आकडा. या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १,००० आणि घट्ट हाड अधिक १,००० च्याही वर असते. कानामागच्या मॅस्टॉइड हाडातली हवा, कॉक्लियातला द्रव आणि तिच्याभोवतीचे शरीरातले अत्यंत कठीण असे हाड यांचे आकडे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे पडतात, आणि याच फरकावरून सॉफ्टवेअर प्रत्येक अवयवाची सीमा आखून त्याचे त्रिमितीय रूप पडद्यावर उभे करते. अनुभवी सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकामागून एक काप पाहत हेच चित्र मनात तयार करत आले आहेत, आणि आजही अनेक ठिकाणी काम तसेच चालते. मनातल्या चित्राची लांबी मोजता येत नाही आणि ते दुसऱ्याला दाखवता येत नाही, एवढीच त्याची उणीव आहे.

अडचण अशी की कॉक्लियाची आतली पट्टी सीटीमध्ये दिसतच नाही. तिची लांबी थेट मोजता येत नाही, म्हणून ती अंदाजाने काढतात. सॉफ्टवेअर आधी स्कॅनला असे तिरके फिरवते की कॉक्लियाचा पहिला वेढा समोरून पूर्ण गोल दिसावा. मग दारापासून, म्हणजे राउंड विंडोपासून, कॉक्लियाच्या मध्यस्तंभातून पलीकडच्या भिंतीपर्यंत एक रेघ ओढली जाते. हे पहिल्या वेढ्याचे सर्वांत मोठे अंतर. मोजणारे त्याला ‘ए’ म्हणतात आणि ते साधारण नऊ मिलिमीटरच्या आसपास भरते. त्याला काटकोनात मोजलेली रुंदी आणि कॉक्लियाची उंची ही आणखी दोन मापे घेतली जातात. या मापांवरून, पूर्वी मृतदेहांच्या कॉक्लिया आणि त्यांचे साचे मोजून तयार केलेल्या सूत्रांच्या आधारे, संपूर्ण मार्गाची लांबी काढली जाते. शिंप्याने मनगट आणि खांदा मोजून बाकीच्या बाहीचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार आहे.

इथे वाचकाने थोडे थांबावे, कारण या सगळ्या प्रक्रियेचा सर्वांत नाजूक बिंदू हाच आहे. एका प्रचलित सूत्रात ‘ए’च्या मापाला चारपेक्षा किंचित मोठ्या आकड्याने गुणले जाते. याचा अर्थ, राउंड विंडोचा बिंदू पडद्यावर ठेवताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर अंतिम लांबीत ती दोन मिलिमीटरची होते. सीटी स्कॅनच्या एका कापाची जाडीच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे अगदी दक्ष माणसाचीही एवढी चूक होऊ शकते. पडद्यावर ३३.४ मिलिमीटर असा दशांशापर्यंतचा आकडा उमटला की तो अचूक वाटू लागतो, पण त्याच्यामागे कोणीतरी हाताने ठेवलेला एक बिंदू असतो. नवी साधने हे बिंदू आपोआप शोधण्याचा प्रयत्न करतात. तरीही ते बरोबर पडले आहेत का, हे तज्ज्ञाने पाहूनच पुढे जावे लागते.

लांबी हाती आली की सॉफ्टवेअर बाजारात उपलब्ध असलेल्या तारा एकेक करून त्या कॉक्लियात बसवून दाखवते: ही तार घातली तर टोक किती अंशांपर्यंत वळेल, कोणता संपर्कबिंदू कोणत्या वारंवारितेच्या जागी येईल. खोली सांगताना मिलिमीटरपेक्षा अंशांची भाषा अधिक उपयोगी पडते, कारण एक पूर्ण वेढा म्हणजे ३६० अंश हे लहान आणि मोठ्या अशा दोन्ही कॉक्लियांना सारखेच लागू पडते.

मग सर्वांत लांब तार सर्वांत चांगली, असे का म्हणू नये? याचे उत्तर कॉक्लियाच्या आतल्या रचनेत आहे. तिच्या आत एकमेकांना लागून तीन नळ्या असतात आणि तार खालच्या नळीतच राहायला हवी. ती अरुंद जागेत जोराने पुढे गेली, तर मधला पडदा फाडून वरच्या नळीत शिरू शकते, किंवा तिचे टोक वळून उलटे दुमडू शकते. ज्यांना खर्जाचे आवाज अजून नैसर्गिकपणे थोडे ऐकू येतात, त्यांचे ते उरलेले श्रवण अशा इजेने जाऊ शकते. अशा रुग्णांसाठी काही सर्जन मुद्दाम आखूड तार निवडतात, म्हणजे खर्जाची जागा अस्पर्श राहते. लहान कॉक्लियात लांब तार पूर्ण जात नाही आणि काही संपर्कबिंदू बाहेरच राहतात, तेही नुकसानच. शिवाय तारांच्या घडणीमागे दोन वेगळे विचार आहेत. काही तारा सरळ आणि मऊ असतात, त्या बाहेरच्या भिंतीने खोलवर जातात. काही आधीच वळलेल्या असतात आणि मध्यस्तंभाला, म्हणजे नसेच्या पेशींच्या जवळ, बिलगून बसतात, पण तेवढ्या खोल जात नाहीत. यांतले श्रेष्ठ कोणते, याबद्दल तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत.

म्हणूनच सॉफ्टवेअर कोणी बनवले आहे, हे विचारणे गैर नाही. या क्षेत्रातले सर्वांत परिचित साधन म्हणजे ओटोप्लान. ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कॅसिनेशन या कंपनीने मेड-एलच्या सहकार्याने विकसित केले आहे. यात लपवण्यासारखे काही नाही आणि मोजमाप हे मोजमापच असते. पण तार सुचवण्याच्या टप्प्यावर पडद्यावर कोणत्या कंपनीच्या तारा दिसत आहेत, हे रुग्णाच्या कुटुंबाला ठाऊक असावे.

सॉफ्टवेअरचे दुसरे मोठे काम कॉक्लियाच्या बाहेरच्या रस्त्याचे आहे. नेहमीच्या पद्धतीत कानामागचे मॅस्टॉइड हाड पोखरून सर्जन मधल्या कानाकडे जातात आणि एका चिंचोळ्या फटीतून राउंड विंडोपर्यंत पोहोचतात. या फटीच्या एका बाजूला चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस असते आणि दुसऱ्या बाजूला जिभेची चव वाहून नेणारी बारीक नस. दोघींमधले अंतर काही मिलिमीटरच असते. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली, तर चेहऱ्याची ती बाजू लुळी पडू शकते. सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही नसा वेगवेगळ्या रंगांत रंगवून ठेवल्या की फट किती रुंद आहे, नस नेहमीच्या जागी आहे की सरकलेली आहे, आणि दाराकडे तार कोणत्या कोनातून नेली तर ती पहिल्या वेढ्याच्या सरळ रेषेत जाईल, हे आधीच पाहता येते. अगदी लहान बाळांत मॅस्टॉइड पुरते वाढलेले नसते आणि चेहऱ्याची नस मोठ्यांपेक्षा त्वचेच्या जवळ असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही पाहणी अधिकच मोलाची ठरते.

याच नियोजनाच्या पायावर बर्नच्या संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी पोखरलेल्या मोठ्या पोकळीऐवजी कानामागून थेट कॉक्लियाच्या दिशेने १.८ मिलिमीटर व्यासाचा एकच बोगदा यंत्रमानवाकडून पाडून घेतला आणि मानवी रुग्णावरील हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. बोगदा दोन नसांच्या मधूनच जातो. संगणकावर ठरवलेली रेषा आणि ड्रिलची प्रत्यक्ष रेषा यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक चालत नाही, म्हणून हाडात आधी बसवलेल्या छोट्या स्क्रूंच्या खुणांनी स्कॅन आणि रुग्णाचे डोके यांची जुळणी केली जाते आणि नसेजवळ पोहोचल्यावर थांबून पुन्हा तपासणी होते. हे तंत्र सर्वत्र रुळलेले नाही. मात्र नियोजन किती काटेकोर असू शकते, याची त्यावरून कल्पना येते.

माझ्या मते नियोजनाची खरी कसोटी साध्या कानांत लागत नाही. मेंदूज्वरानंतर काही रुग्णांच्या कॉक्लियात हाड भरू लागते आणि तारेचा मार्गच बंद होत जातो; असे असेल तर वेळ दवडून चालत नाही, आणि मार्ग किती उघडा राहिला आहे हे आधी कळणे निर्णायक ठरते. काही मुलांत कॉक्लिया जन्मतःच अपुरी घडलेली असते. कार्लो मोंदिनी यांनी अशा एका कॉक्लियाचे वर्णन १७९१ मध्येच केले होते. वेढे कमी असणे, वेढ्यांमधल्या भिंती नसणे, सगळी मिळून एकच पोकळी असणे असे याचे अनेक प्रकार आहेत, आणि काहींमध्ये कॉक्लिया उघडताच मेंदूभोवतीचा द्रव जोराने बाहेर येतो. अशा कानांत सरासरी लांबीचे सूत्र लागूच होत नाही, कारण ते सूत्र पूर्ण घडलेल्या कॉक्लियांवरून आलेले आहे. इथे आकड्यापेक्षा त्रिमितीय चित्र आणि सर्जनचा अनुभव यांवरच भिस्त असते.

आणि सीटीवर चालणारे कोणतेही मोजमाप एक गोष्ट सांगू शकत नाही: श्रवणनस आहे की नाही. आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या हाडाच्या नळीत चार नसा असतात: चेहऱ्याची एक, श्रवणाची एक आणि तोल सांभाळणाऱ्या दोन. त्यांतली श्रवणाची नस किती जाड आहे, हे एमआरआयमध्येच नीट दिसते. कॉक्लिया सुबक असूनही नस अगदी बारीक किंवा अनुपस्थित असू शकते. म्हणून दोन्ही तपासण्या सांगितल्या, तर ‘एक झाली की, दुसरी कशाला’ असे म्हणू नये.

शस्त्रक्रिया झाल्यावरही हे सॉफ्टवेअर पुन्हा कामाला येते. पुढच्या स्कॅनमध्ये तारेचे संपर्कबिंदू चमकदार ठिपक्यांसारखे दिसतात आणि प्रत्येक ठिपका किती अंशांवर, कोणत्या स्वराच्या जागी बसला, हे काढता येते. एरवी मॅपिंग करताना, म्हणजे रुग्णागणिक यंत्राची जुळवणी करताना, त्याचा ठरावीक वारंवारितेचा पट्टा सर्व बिंदूंना ठरावीक पद्धतीने वाटला जातो. समजा, एखादा बिंदू ६१० हर्ट्झच्या जागी बसला आहे आणि यंत्र त्यातून १५० हर्ट्झचा आवाज पाठवत आहे, तर मोठेपणी बहिऱ्या झालेल्या माणसाला ओळखीचा आवाज सुरुवातीला चिरका आणि अनोळखी वाटू शकतो. मेंदू बराचसा जुळवून घेतो, पण त्याला वेळ लागतो. ज्यांचा दुसरा कान चांगला आहे त्यांना हा विसंवाद अधिक जाणवतो, कारण तुलना क्षणोक्षणी होत असते. म्हणून आता प्रत्यक्ष जागा पाहून वारंवारिता वाटण्याची पद्धत पुढे आली आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने निराळी दिशा घेतली. मायक्रो-सीटीने टिपलेल्या मृतदेहांच्या कॉक्लियांवरून त्यांनी साध्या सीटीत न दिसणाऱ्या नळ्यांची जागा अनुमानाने काढली, आणि ज्या बिंदूंचे संकेत एकमेकांत मिसळतात ते बंद ठेवण्याची शिफारस संगणकाकडून मिळवली. जन्मतः बहिऱ्या असलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र आधी ऐकलेला कोणताही आवाज नसतो; त्याचा मेंदू मिळेल त्या मांडणीवरच भाषा उभी करतो, आणि तिथे लवकर रोपण व त्यानंतरची नियमित स्पीच थेरपी यांचे वजन तारेच्या दोन-चार मिलिमीटरांपेक्षा निश्चितच जास्त आहे.

महाराष्ट्रातल्या पालकांसाठी हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते आणि त्या कामाचे समन्वयन मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था करते. सरकारी योजनेत कोणत्या कंपनीचे यंत्र मिळेल, हे कुटुंबाच्या हाती फारसे नसते आणि प्रत्येक रुग्णालयात असे सॉफ्टवेअर असेलच असेही नाही. त्यामुळे आपल्या मुलावर अन्याय झाला, असे समजण्याचे कारण नाही. कॉक्लिया नेहमीच्या घडणीची असेल, तर अनुभवी सर्जन काप पाहून योग्य निर्णय घेतात, आणि ‘कॉक्लियाची घडण कशी आहे, नस कशी आहे, ही तार का निवडली’ हे तीन प्रश्न सॉफ्टवेअर नसतानाही विचारता येतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने करावी. आपल्याकडे स्कॅन झाला की मोठ्या पाकिटातून फिल्म घरी येते आणि तीच जपली जाते. फिल्मवरून यातले काहीही मोजता येत नाही. सॉफ्टवेअरला लागतात त्या डायकॉम स्वरूपातल्या मूळ फाइल्स, त्याही बारीक कापांच्या. त्या स्कॅन सेंटरमधून सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्याव्यात आणि त्यांची आणखी एक प्रत करून ठेवावी. कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराची असते, ती पुढे वाढत नाही. त्यामुळे एक वर्षाच्या बाळाच्या स्कॅनवरून काढलेली लांबी त्याच्या चाळिशीतही तीच असते. आतले यंत्र कधीकाळी बदलावे लागले, मधल्या काळात तारांचे प्रकार बदलले, किंवा मॅपिंगची नवी पद्धत आली, तर त्याच फाइल्स पुन्हा उघडून मोजता येतील आणि केवळ त्या मापासाठी मुलाला पुन्हा गुंगी देऊन क्ष-किरणांखाली ठेवावे लागणार नाही.